कॉफीचा चोथा आणि कुंडीतील माती

घरातील टाकाऊ पदार्थ मातीला परत द्यावेत, हा विचार आपल्याकडे नवा नाही. खेड्यात घरामागे उकिरडा असे. गोठ्यातील शेण, चुलीतील राख, केरकचरा, भाजीची देठे हे सारे त्यात पडे आणि मृगापूर्वी ते खत गाडीने शेतात जाई. बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो, असे म्हणतात. शेतकऱ्याच्या उकिरड्याचा पांग मात्र दर वर्षी फिटत असे. शहरात घरे एकावर एक चढली, उकिरड्याची जागा जिन्याखालच्या डब्याने घेतली आणि मातीतून ताटात व ताटातून पुन्हा मातीत जाणारा हा फेरा तुटला. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओला व सुका कचरा वेगळा करण्याची जबाबदारी प्रत्येक घरावर टाकली. त्यानंतर अनेक कुटुंबांचे लक्ष आपल्याच ओल्या कचऱ्याकडे नव्याने वळले. गच्चीवर, सज्जात, खिडकीच्या जाळीत कुंड्या ठेवणारा एक मोठा वर्ग आज शहरांत आहे, आणि त्याला खताची गरज आहे.

या वर्गात जे सल्ले तोंडातोंडी फिरतात, त्यांतील एक विशेष लोकप्रिय आहे: कॉफी गाळल्यावर उरलेला चोथा टाकून देऊ नका, तो कुंडीत घाला. गुलाब बहरतो, माती आम्ल होते, गोगलगाई पळतात, अशी त्याची महती सांगतात. या सल्ल्यातील पहिला अर्धा भाग उत्तम आहे. दुसऱ्या अर्ध्या भागामुळे मात्र अनेकांची रोपे दगावतात, आणि दोष बियाण्यावर, उन्हावर किंवा स्वतःच्या हातगुणावर जातो. चोथा मातीला उपयोगी पडतो तो नेमका केव्हा आणि कशा रीतीने, याची चर्चा प्रस्तुत लेखात केली आहे.

आपल्याकडील कॉफी

कॉफी हे महाराष्ट्राचे पीक नव्हे. परंपरा असे सांगते की, बाबा बुडन या सूफी साधूने सतराव्या शतकात अरबस्तानातून कॉफीच्या बिया आणल्या व आजच्या कर्नाटकातील चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या. आजही देशातील बहुतेक कॉफी कर्नाटक, केरळ आणि तामिळनाडू या तीन राज्यांत होते. आपल्या राज्यात अमरावती जिल्ह्यातील चिखलदऱ्याच्या थंड पठारावर कॉफीची थोडी लागवड आहे, एवढेच. परंतु पिणाऱ्यांची संख्या लहान नाही. माटुंग्याच्या दाक्षिणात्य उपाहारगृहांपासून नव्या धर्तीच्या काचबंद कॉफीगृहांपर्यंत रोज चोथ्याचे डबे भरतात आणि कचऱ्याच्या गाडीत रिकामे होतात.

घरगुती चोथ्याबाबत एक स्पष्टीकरण आधीच करावयास हवे. महाराष्ट्रातील पुष्कळ घरांत जी कॉफी होते, ती दुधात वा पाण्यात विरघळणाऱ्या तयार पुडीची. तिचा चोथा उरतच नाही. चोथा मिळतो तो फिल्टरमधून काढलेल्या किंवा उकळून गाळलेल्या कॉफीचा. दाक्षिणात्य पद्धतीच्या पुडीत चिकोरी मिसळलेली असते. भाजलेल्या चिकोरीचा मोठा भाग पाण्यात उतरत असल्याने अशा पुडीचा चोथा वजनाने कमी भरतो. तरी खतासाठी त्याची काही अडचण नाही.

चोथ्यात असते काय?

वाळलेल्या चोथ्यात साधारणपणे दोन टक्के नत्र असते. पालाश त्याहून पुष्कळ कमी आणि स्फुरद तर नाममात्र. नत्राचे हे प्रमाण चांगल्या शेणखताहूनही सरस आहे आणि चोथ्याच्या कीर्तीचे कारण तेच. पण आकड्यांचा अर्थ हिशेब केल्याशिवाय कळत नाही. समजा, एका कुटुंबात रोज ३० ग्रॅम शुद्ध कॉफी वापरली जाते. तिचा सुमारे चौथा हिस्सा पेल्यात उतरतो. उरलेला चोथा वाळवून ठेवला, तर वर्षाकाठी आठ किलोग्रॅमच्या आसपास भरेल. त्यात नत्र असेल सुमारे १६० ग्रॅम, म्हणजे ३५० ग्रॅम युरियात असते तेवढे. वर्षभराच्या कॉफीपानाची ही खतातील किंमत होय! ज्यांना चोथ्यात खताचा कारखाना दिसतो, त्यांनी हा हिशेब एकदा करून पाहावा.

शिवाय हे नत्र युरियातील नत्रासारखे मोकळे नाही. ते प्रथिनांच्या रूपात, चिवट तंतूंच्या आणि भाजताना तयार झालेल्या काळ्या पदार्थांच्या वेष्टनात अडकलेले असते. जिवाणू व बुरशी यांनी ते सोडविल्याखेरीज मुळांना लाभत नाही. या कामाला लागणारे नत्र ते सूक्ष्मजीव प्रथम स्वतःच वापरतात. म्हणून कच्चा पदार्थ मातीत मिसळला की काही काळ झाडाच्या वाट्याला नत्र जास्त येण्याऐवजी कमीच येते. हिरवे, कच्चे शेण शेतात टाकू नये असे आपले शेतकरी सांगत आले, त्यामागे हीच गोष्ट आहे.

चोथ्याचा खरा गुण नत्रात नसून त्याच्या सेंद्रिय द्रव्यात आहे. तो कुजून मातीत मिसळला की मातीचे कण एकमेकांना धरतात, त्यांचे रवाळ ढेकूळ बनते, हवा खेळते आणि ओल टिकते. दख्खनच्या काळ्या मातीत चिकणकणांचे प्रमाण फार. ती पाण्याने फुगते व उन्हाने भेगाळते, कुंडीत तर विटेसारखी घट्ट होते. कोकणातील जांभ्याच्या तांबड्या मातीची तक्रार उलट. तिच्यातून पाणी झरझर निघून जाते आणि मुसळधार पावसाबरोबर अन्नद्रव्येही जातात. दोन्ही मातींना हवे असते ते एकच, चांगले कुजलेले सेंद्रिय द्रव्य.

मेलबर्नचा धडा

कच्चा चोथा थेट मातीत घातल्यास काय होते, याची पद्धतशीर पाहणी ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरी झाली. हे शहर कॉफीगृहांसाठी प्रसिद्ध असून, तेथील परसबागांत चोथा घालण्याची चाल पडली होती. मेलबर्न विद्यापीठातील सारा हार्डग्रोव्ह आणि स्टीफन लिव्हस्ली यांनी ब्रोकोली, लीक नावाची कांद्याच्या कुळातील भाजी, मुळा, व्हायोला व सूर्यफूल अशा पाच वनस्पती तीन प्रकारच्या मातींत वाढविल्या. काही कुंड्यांत चोथा घातला, काहींत नाही. काहींना वरखत दिले, काहींना नाही. त्यांचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. चोथा घातलेल्या प्रत्येक मातीत पाचही वनस्पतींची वाढ खुंटली. वरखत देऊनही ती सुधारली नाही. मातीची पाणी धरून ठेवण्याची क्षमता मात्र वाढली होती, आणि तणही कमी उगवले होते.

यातील शेवटची गोष्ट अर्थपूर्ण आहे. जो पदार्थ तणाला उगवू देत नाही, तो मुळ्याला का उगवू देईल? संशोधकांचे अनुमान असे की, येथे दोष आम्लतेचा नव्हता आणि केवळ नत्र अडकून पडण्याचाही नव्हता. चोथ्यात उरलेली वनस्पतींना अपायकारक द्रव्ये त्याला कारण असावीत. कॅफीन हे त्यांपैकी प्रमुख समजले जाते. माणसाला तरतरी देणारे हे द्रव्य कॉफीचे झाड काही माणसासाठी तयार करीत नाही. किडींपासून बचाव व्हावा आणि आपल्या पायाशी दुसरे बी रुजू नये, ही त्याची सोय असते. गाळल्यावर बहुतांश कॅफीन पेल्यात उतरते, तरी काही अंश चोथ्यात राहतो. त्याच्या जोडीला पॉलिफेनॉल या तुरट द्रव्यांचा गट असतो. कोवळ्या मुळांना एवढे पुरेसे होते. मोठ्या, जुन्या झाडावर याचा परिणाम सहसा दिसत नाही. म्हणूनच एखाद्याचा जुना जास्वंद चोथ्यावर खुशाल वाढतो आणि त्याच्याच शेजारच्या कुंडीतील मेथी उगवत नाही. दोघांचेही अनुभव खरे असतात.

दिलाशाची बाब ही की, ही द्रव्ये कायमची नाहीत. हवा आणि ओल यांच्या सान्निध्यात चोथा नीट कुजला की सूक्ष्मजीव कॅफीनचा व तुरट द्रव्यांचा बराचसा फडशा पाडतात. थोडक्यात, चोथा हे तयार खत नव्हे. तो खताचा कच्चा माल आहे, आणि कच्चा माल भट्टीतून काढल्यावाचून वापरावयाचा नसतो.

दोन गैरसमज

चोथ्याने माती आम्ल होते, हा समज फार दृढ आहे. कॉफी चवीला आंबूस, म्हणून चोथाही आंबूस, असा तर्क त्यामागे असावा. परंतु आम्ले पाण्यात विरघळणारी असल्याने ती पेल्यात जातात. निरनिराळ्या ठिकाणी तपासलेल्या चोथ्यांचा सामू एकसारखा आढळलेला नाही. कोठे तो स्पष्टपणे आम्ल, कोठे उदासीनाच्या जवळ, तर कुजताना कधी किंचित अल्कधर्मीही. अशा चंचल पदार्थावर सामू सुधारण्याची भिस्त ठेवता येत नाही. त्यातही आपल्या काळ्या मातीत चुनखडीचे खडे असतात आणि तिचा सामू बहुधा साडेसात ते साडेआठ असतो. मूठभर चोथ्याची आम्लता असलीच, तर ती चुनखडी तिला सहज पचवून टाकते. कढीपत्त्याला ताक घालण्याची आपल्याकडील रीत यापेक्षा बरी, असे कोणी म्हटल्यास प्रस्तुत लेखक वाद घालणार नाही. निदान ताक तरी खात्रीने आंबट असते.

दुसरा समज गोगलगाईंचा. पावसाळ्यात मुंबई-कोकणच्या बागांत मोठ्या आफ्रिकन गोगलगाईंचा उपद्रव होतो, हे खरे. हवाई बेटांवर शास्त्रज्ञांनी कॅफीनचे एक ते दोन टक्के तीव्रतेचे द्रावण फवारून गोगलगाई मारल्या, हेही खरे. २००२ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पण गाळलेल्या चोथ्यातून पावसाच्या पाण्यात उतरणारे कॅफीन त्या तीव्रतेच्या जवळपासही जात नाही. संध्याकाळी कंदील घेऊन गोगलगाई वेचणे आणि मिठाच्या पाण्यात टाकणे, हा जुना उपाय कष्टाचा असला तरी भरवशाचा आहे. ते मिठाचे पाणी मात्र कुंडीत ओतू नये. घरात कुत्रा असल्यास एक काळजी आणखी घ्यावी: कॅफीन कुत्र्यांना विषारी असते, तेव्हा चोथ्याचा डबा झाकून ठेवावा.

इंदूर आणि पुसद

कुजविण्याच्या शास्त्रासाठी आपल्याला परदेशाकडे पाहण्याचे कारण नाही. ते शास्त्र आधुनिक रूपात येथेच उभे राहिले. इंदूरच्या वनस्पती उद्योग संस्थेत सर अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी शेतीतील काडीकचरा, शेण, गोठ्यातील मूत्रमिश्रित माती आणि राख यांचे थर रचून सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत करण्याची रीत बसविली. तिचे विवेचन करणारा त्या दोघांचा ग्रंथ १९३१ साली निघाला. हॉवर्ड यांचे नाव जगभर झाले; वाड यांचे नाव आज आपल्याकडेही फारसे कोणी घेत नाही, हे उचित नव्हे. योगायोग असा की, ही इंदूर पद्धत आफ्रिकेत प्रथम ज्यांनी उचलली त्यांत केनियातील नैरोबीजवळचे कॉफीचे मळेवाले होते. १९३३ साली तेथे तिचा आरंभ झाला.

पुढे यवतमाळ जिल्ह्यातील पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांनी विटांच्या भोकाभोकांच्या टाक्याची पद्धत शोधली. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ती ‘नाडेप’ म्हणून ओळखली जाते. थोडे शेण, पुष्कळ काडीकचरा, मधून मधून मातीचा थर आणि चारी बाजूंनी हवा, हे तिचे सूत्र. सज्जात दहा फूट लांबीचे टाके बांधता येणार नाही; पण बाजूंना भोके पाडलेली प्लॅस्टिकची बादली हे त्याच टाक्याचे धाकटे भावंड समजावे.

या दोन्ही पद्धतींचा गाभा एक आहे. कोणताही पदार्थ एकटा नीट कुजत नाही. नुसता पालापाचोळा वर्षभर तसाच राहतो. नुसता चोथा किंवा नुसती भाजीची देठे ठेवली, तर चिकट लगदा होऊन दुर्गंधी सुटते. सुक्या व ओल्याची, भरड व बारीक पदार्थांची जोड घातली की काम सुरू होते.

प्रत्यक्ष कृती

चोथा गाळणीतून काढल्यावर वर्तमानपत्रावर पसरून सावलीत किंवा उन्हात वाळवावा. ओला तसाच डब्यात कोंडला तर दोन-तीन दिवसांत त्यावर हिरवी-पांढरी बुरशी चढते. बुरशीने खताचे काही बिघडत नाही, पण घरातील मंडळींची नाराजी ओढवते आणि प्रयोग तेथेच थांबतो. वाळलेला चोथा महिनोन्महिने टिकतो.

बादलीच्या तळाशी नारळाच्या शेंड्या किंवा बारीक काटक्यांचा चार बोटे थर द्यावा, म्हणजे पाणी साचत नाही. त्यावर भरताना मापासाठी एखादी वाटी वा डबा ठरवून घ्यावा. एक माप चोथा, एक माप भाजी-फळांचा ओला कचरा आणि तीन मापे चुरलेला सुका पाला, असे प्रमाण ठेवावे. यात चोथा एकूण घनफळाच्या पाचव्या हिश्श्याइतका होतो. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्य विद्यापीठाच्या उद्यानतज्ज्ञांनीही वीस टक्के हीच कमाल मर्यादा सांगितली आहे. याहून कमी घातल्यास हानी नाही. अधिक घालण्याचा मोह उपाहारगृहातून पोतेभर चोथा फुकट मिळू लागला की होतो. तेव्हा चोथा नव्हे, सुका पाला वाढवावा. पाला मिळण्याची अडचण शहरातही नसते, रस्त्याकडेची झाडे तो फुकट पुरवितात. माघ-फाल्गुनात पानगळ होते, त्या वेळी दोन पोती भरून ठेवली की वर्षाची बेगमी होते. तो जाळण्याची वाईट खोड काही ठिकाणी अजून आहे.

प्रत्येक थरानंतर मूठभर जुने खत किंवा थोडा शेणकाला शिंपडावा. विरजणाचे जे काम दुधात, ते याचे येथे. ओल किती असावी, याची परीक्षा सोपी आहे. मिश्रण मुठीत घट्ट दाबले असता बोटांतून एखाददुसरा थेंब यावा. धार लागली तर सुका पाला घालावा. हाताला काहीच न लागल्यास पाणी शिंपडावे. आठवड्यातून एकदा खुरप्याने वरखाली करावे. अंगणात एक मीटर लांब, रुंद व उंच असा ढीग केला, तर तो आतून चांगलाच तापतो आणि लवकर कुजतो. बादलीतील मिश्रण तसे तापत नाही, म्हणून त्याला अधिक धीर लागतो. उन्हाळ्यात अडीच ते तीन महिने धरावेत. थंडीत त्याहून जास्त. पावसाळ्यात वर झाकण हवेच. गांडुळांच्या पेटीत चोथा घालता येतो, मात्र पातळ थरात आणि अधूनमधून. पेटी तापली किंवा कोरडी पडली की गांडुळे पळ काढतात.

चोथ्याचे आच्छादन करावयाचे असेल, तर अर्ध्या इंचाहून जाड थर कदापि देऊ नये. त्याचे कण बारीक असतात. वाळल्यावर त्यांची पापडी धरते आणि वरचे पाणी आत मुरण्याऐवजी कडेने वाहून जाते. पातळ थर देऊन त्यावर पाला पसरावा, तोही मोठ्या झाडांनाच. बी पेरलेल्या वाफ्यात आणि रोपवाटिकेत कच्चा चोथा वर्ज्य मानावा.

चहाचे काय?

कॉफीपेक्षा चहा पिणाऱ्यांची संख्या आपल्याकडे कितीतरी अधिक, तेव्हा हा प्रश्न वाचक विचारणारच. चहाच्या चोथ्यात नत्र कॉफीहून जास्त असते. त्यातही कॅफीन व तुरट द्रव्ये असतात, म्हणून तोही आधी कुजवावा. वर दिलेले प्रमाण त्यालाही चालेल. अडचण आपल्या चहाच्या रीतीची आहे. दूध, साखर, आले, गवती चहा एकत्र उकळून केलेल्या चहाचा चोथा तसाच कुंडीत टाकला, तर साखरेला मुंग्या येतात आणि दुधाचा अंश आंबतो. तो दोन पाण्यांनी धुऊन, पिळून, मगच वाळत घालावा. चहाच्या कागदी पुड्या वापरीत असाल, तर त्या फाडून आतील चोथा तेवढा घ्यावा, कारण अशा काही पुड्यांच्या कागदात प्लॅस्टिकचे तंतू असतात व ते कुजत नाहीत.

खत झाले हे कसे ओळखावे?

रंग काळसर, हात लावल्यास भुसभुशीत, आणि पहिल्या पावसानंतर येतो तसा मातीचा वास. कॉफीचा वास येत असेल, तर खत कच्चे आहे. पण नाकावर सर्वस्वी विसंबू नये. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोलकर यांनी ‘प्रयोग परिवारा’च्या द्वारा सामान्य शेतकऱ्याला आपल्याच शेतात प्रयोग करून पाहण्याची सवय लावली. कुंडीवाल्यांनीही तो कित्ता गिरवावा. स्वयंपाकघरातील मेथीचे दाणे यासाठी पुरेसे आहेत.

दोन लहान कुंड्या किंवा तळाला भोके पाडलेले दोन डबे घ्यावेत. एकात नेहमीची माती भरावी. दुसऱ्यात तीच माती तीन भाग व नवे खत एक भाग. दोन्हींत मोजून वीस-वीस दाणे पेरावेत, पाणी सारखे द्यावे आणि ऊनही सारखे मिळेल असे पाहावे. मेथी तीन-चार दिवसांत वर येते. दहाव्या दिवशी दोन्ही डब्यांतील रोपे मोजावीत, दोन-दोन उपटून मुळांची लांबी ताडून पाहावी. खताच्या डब्यात रोपे तितकीच किंवा अधिक असतील आणि मुळे पांढरी व लांब असतील, तर ते खत कुंड्यांना निर्धास्तपणे द्यावे. बारा इंची कुंडीला दर दोन-तीन महिन्यांनी दोन ओंजळी पुरतात. रोपे कमी उगवली, किंवा मुळे आखूड व तपकिरी दिसली, तर खत पुन्हा बादलीत घालून, त्यात थोडा सुका पाला व ओल देऊन, आणखी तीन-चार आठवडे कुजू द्यावे आणि मेथी पुन्हा पेरावी.